नकाराची किंमत



संयोजकांनी आजचा विषय प्रश्नाच्या रूपातच दिला आहे: धर्म नेहमी घातकच असतो, की कधी हितकारकही ठरतो? आपल्याकडे या प्रश्नाची दोन उत्तरे जवळजवळ पाठ असतात. एक गट म्हणतो, धर्म मुळात चांगलाच, माणसे त्याचा गैरवापर करतात. दुसरा म्हणतो, धर्म हे शोषणाचे हत्यार आहे आणि धार्मिक माणसांनी काही भले केले असेल तर ते धर्म असूनही केले, धर्मामुळे नव्हे. वरवर पाहता ही उत्तरे एकमेकांविरुद्ध उभी आहेत, पण त्यांचे चोपडी लिहिण्याचे तंत्र एकच आहे. पहिला जमेच्या सगळ्या रकमा धर्माच्या नावावर टाकतो आणि खर्चाच्या माणसांच्या नावावर. दुसरा तेवढेच उलटे करतो. अशा चोपडीत हवी ती शिल्लक काढता येते, म्हणून तिचा उपयोग होत नाही. अन्याय करताना धर्म जबाबदार नसेल, तर दानधर्माचे श्रेयही त्याला मागता येणार नाही. धर्माने सती घडवली असे म्हणायचे असेल, तर त्याच धर्माने अन्नछत्रे घातली हेही म्हणावे लागेल. ‘धर्म म्हणजे पाश्चात्त्यांचा रिलिजन नव्हे’ असे सांगून या पेचातून निसटण्याचीही एक लोकप्रिय वाट आहे. तिने मी जाणार नाही. ज्याच्या नावाने लग्ने लागतात, प्रेते उचलली जातात, देवळे उघडतात आणि बंद होतात, तो व्यवहारातला धर्म मला अभिप्रेत आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. धर्माचे हित आणि धर्माची हानी या दोन वेगळ्या झऱ्यांतून येत नाहीत. माणसांना एकत्र बांधून ठेवण्याची जी शक्ती त्याच्यात आहे, तिच्यातूनच दोन्ही निघतात. मग एके ठिकाणी ती शक्ती माणसाला उभे करते आणि दुसरीकडे चिरडते, याचे कारण काय? ग्रंथात काय लिहिले आहे यावरून ते कळत नाही, कारण एकच ग्रंथ वाचून माणसे दोन्ही गोष्टी करतात. कारण सापडते ते एका साध्या चौकशीत. त्या धर्मात, किंवा त्या धर्माला, ‘नाही’ म्हणणाऱ्या माणसाला काय मोजावे लागते? त्याची भाकरी जाते का, सोयरीक तुटते का, पाणी बंद होते का, मेल्यावर जागा मिळते का? नकाराची किंमत जिथे पेलण्याजोगी असते तिथे धर्म बहुधा माणसाच्या कामाला येतो. ती पेलवत नाही तिथे तोच धर्म, तीच भजने आणि तेच सण घेऊन, घातक होतो.

बांधून ठेवण्याच्या शक्तीबद्दल काही पुरावा पाहू. रिचर्ड सोसिस या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत निघालेल्या २०० सामुदायिक वसाहतींचा अभ्यास केला. काही धार्मिक होत्या, काही समाजवादी वा अन्य ऐहिक ध्येयांच्या. धार्मिक वसाहती कितीतरी अधिक टिकल्या. त्यांतल्या ८३ वसाहतींचा तपशील पुढे तपासला, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. ज्या धार्मिक वसाहती सभासदांकडून अधिक त्याग मागत, म्हणजे खाण्यापिण्याची बंधने, पोशाखाचे नियम, मालमत्तेवर पाणी सोडणे असले काही, त्या अधिक काळ तगल्या. ऐहिक वसाहतींत तेवढाच त्याग मागून टिकाऊपणा वाढला नाही. धर्माकडे एरवी दुर्मीळ असलेले काहीतरी आहे, हे नास्तिकालाही मान्य करावे लागेल. पण आस्तिकानेही इथे थबकले पाहिजे. त्याग मागण्याची हीच ताकद वाळीत टाकण्याचीही ताकद असते. दुसरा पुरावा आरोग्याचा. २०१६ साली अमेरिकेतील ७४ हजारांहून अधिक परिचारिकांचा सोळा वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एकदाहून जास्त वेळा प्रार्थनेला जाणाऱ्या स्त्रियांमधील मृत्यूचे प्रमाण कधीच न जाणाऱ्यांपेक्षा सुमारे ३३ टक्क्यांनी कमी आढळले. यावरून देव आयुष्य वाढवतो असे सिद्ध होत नाही. संशोधकांनीही तो दावा केला नाही, आधार देणारी माणसे मिळणे हे त्यांच्या स्पष्टीकरणातले एक मोठे कारण होते. मला यातली दुसरीच बाब महत्त्वाची वाटते. या स्वतःच्या पगारावर जगणाऱ्या स्त्रिया होत्या. रविवारी चर्चला न गेल्याने त्यांची नोकरी जाणार नव्हती. लाभ झाला तो अशा बंधनाचा.

आता आपल्या घरात येऊ. पंढरपूरच्या वारीइतके या प्रश्नाचे दुहेरी रूप दाखवणारे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. वारीत हजेरीपट नसतो. माळ घातली की मांसाहार सोडायचा, एकादशी धरायची, आषाढी-कार्तिकी चुकवायची नाही. बंधने पुष्कळ, पण माळ उतरवली म्हणून कोणाची जमीन जात नाही की मुलीचे लग्न मोडत नाही. शतकानुशतके हा प्रकार कोणत्याही सक्तीशिवाय चालला आहे. आणि त्याच वारीच्या टोकाशी जे देऊळ होते, त्याच्या महाद्वाराबाहेर चोखोबांची समाधी आहे. ज्याचे अभंग आत गायले जात, त्याच्या जातीची माणसे १९४७ सालापर्यंत आत जाऊ शकत नव्हती. वाटेवर सगळे समान, दारावर नाहीत. वाटेवरही पुरते समान नव्हतेच. इरावती कर्व्यांनी वारीवर लिहिले तेव्हा एकाच दिंडीतल्या ब्राह्मणांच्या आणि मराठ्यांच्या पंक्ती वेगळ्या बसतात, ही खंत त्यांनी लपवली नाही. १ मे १९४७ रोजी साने गुरुजींनी मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून उपोषण सुरू केले. पंढरपुरात त्यांना जागा द्यायला सहजासहजी कोणी तयार नव्हते. ती मिळाली तनपुरे महाराजांच्या मठात, म्हणजे एका वारकरी मठातच. दहा दिवसांनी दार उघडले. यातला कोणता धर्म खरा, देवळातल्या पुजारी बडव्यांचा की तनपुरे महाराजांचा, हा प्रश्न मला निरर्थक वाटतो. दोन्ही खरेच होते. फरक एवढाच की एका धर्मात बाहेर राहिलेल्याचा नकार ऐकून घेण्याची सोय होती. दुसऱ्यात ती नव्हती, आणि त्याच्या मागे वंशपरंपरागत हक्क उभे होते. ते हक्क संपवायला १९७३ चा कायदा आणि २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला.

या कसोटीवर पंडिता रमाबाईंचे आयुष्य घासून पाहावे. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण ही कसोटी आपल्या आवडत्या माणसांनाही सोडत नाही हे इथे कळते. संस्कृतात पारंगत, विधवा झालेली ही बाई १८८३ साली इंग्लंडला गेली आणि त्याच वर्षी वाँटेज येथे तिने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुण्यात गहजब झाला. पण तिकडच्या जोगिणींचीही झोप उडाली, हे आपल्याकडे कमी सांगितले जाते. त्यांच्यापैकी सिस्टर जेराल्डीन यांच्याशी रमाबाईंचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात ही नवख्रिस्ती स्त्री एकामागून एक शंका काढते, त्रैक्याच्या सिद्धांतावर अडते आणि शाकाहार सोडायला नकार देते. गुरूची आज्ञा म्हणून काही मानणार नाही, माझी विवेकबुद्धी मी कुणाकडे गहाण टाकलेली नाही, असा त्या पत्रांचा सूर आहे. एका धर्माला नाही म्हणून बाहेर पडलेली बाई दुसऱ्या धर्माच्या उंबरठ्यावरही नाही म्हणत उभी राहिली. तिला ते परवडले, कारण तिच्याकडे विद्या होती, नाव होते आणि चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्यासारखी तिचे म्हणणे समजून घेणारी माणसे होती. नवा धर्म तिच्या हिताचा ठरला याचे मोठे श्रेय मी या न दबलेल्या नकारांना देतो.

१८८९ साली रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यात नेले. धर्माबाबत तटस्थ राहण्याचे वचन होते. मुलींना धर्म बदलण्याची सक्ती नव्हती. तिथे शिकलेली विधवा गोदूबाई ख्रिस्ती झाली नाही. १८९३ साली तिचा धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला. पण त्याच वर्षी काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून वाद पेटला आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाहेर पडले. त्या वादात पुणेकरांनी जी भाषा वापरली ती त्यांना शोभली नाही, तरी त्यांच्या प्रश्नात तथ्य होते. ते तथ्य पुढे रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अधिक ठळक झाले. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी शेकडो उपाशी मुली आणि विधवा वाचवल्या. त्या स्वतः दुष्काळी मुलखात गेल्या, मुलींना आणले, त्यांना जेवू घातले, लिहायला आणि हातचे काम करायला शिकवले. त्या मुली जगल्या त्या त्यांच्यामुळे, यात शंका नाही. पण दुष्काळातून उचलून आणलेली दहा वर्षांची अनाथ मुलगी त्या छपराखाली प्रार्थनेला नाही कशी म्हणणार? तिच्या नकाराची किंमत कोणी सांगितली नसेल, रमाबाईंनी तर नक्कीच नसेल. पण तिला ती ताटासमोर बसल्या बसल्या कळत होती. वाँटेजमध्ये रमाबाईंना जी मुभा मिळाली ती केडगावच्या मुलींना तेवढी मिळाली नाही. तरीही मी मुक्ती मिशनला घातक म्हणणार नाही. मरण आणि सक्तीची प्रार्थना यांत निवड करायची तर निवड स्पष्ट आहे. पण हित झाले म्हणून हानी पुसली जात नाही. एकाच ताटात दोन्ही होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या धर्मविचाराकडे याच दृष्टीने पाहिले तर त्याची तर्कसंगती उलगडते. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि वर्षानुवर्षे चालला. दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. पुढल्या वर्षी लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले भाषण मंडळाला झेपले नाही आणि परिषदच रद्द झाली. ते भाषण त्यांनी स्वतः छापले. व्याख्यानमालांच्या इतिहासात न झालेल्या व्याख्यानाला इतके महत्त्व क्वचितच आले असेल. त्यात त्यांनी धर्म मोडीत काढा असे म्हटले नाही. नियमांचा धर्म आणि तत्त्वांचा धर्म असा भेद त्यांनी केला. माझ्या मते नियमांच्या धर्माचे खरे लक्षण हेच की त्यात प्रश्न विचारणे हाच गुन्हा ठरतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली आणि मग लाखोंच्या समुदायाला स्वतः दिली. बावीस प्रतिज्ञांपैकी पहिल्या बऱ्याचशा ‘मानणार नाही’, ‘करणार नाही’ अशा आहेत. नकारांनी सुरू होणारा हा धर्मस्वीकार आहे. आणि रमाबाईंप्रमाणेच बाबासाहेबांनी नव्या घरातही मान खाली घातली नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात गृहत्यागाच्या पारंपरिक कथेवर त्यांनी शंका घेतली, चार आर्यसत्ये मूळ बुद्धाची असतील का असा प्रश्न टाकला, आणि भिक्खूसंघाचा हेतू काय असाही. परंपरानिष्ठ बौद्ध विद्वान अस्वस्थ झाले ते उगाच नाही.

या धर्मांतराचा लाभ झाला का? २०११ च्या जनगणनेत देशातील बौद्धांची साक्षरता ८१.२९ टक्के आहे, एकूण लोकसंख्येची ७२.९८ आणि अनुसूचित जातींची ६६.०७. देशातले बहुसंख्य बौद्ध महाराष्ट्रातले, आणि त्यांतले बहुतेक १९५६ नंतरच्या दीक्षेचे वारस. आकडे बोलके आहेत, पण त्यांना नको ते बोलायला लावू नये. महार समाजात शिक्षणाची ओढ धर्मांतराच्या आधीपासून होती. लष्करातली नोकरी, शहरांतल्या गिरण्या, १९४५ मध्ये स्थापन झालेली पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि राखीव जागा यांचा वाटा त्यात आहे. महाराष्ट्र इतर राज्यांच्या पुढे असल्याचाही आहे. सगळे श्रेय धम्माचे असे म्हणणारा ढोबळ बोलतो. धम्माचा काहीच वाटा नाही म्हणणाराही तितकेच ढोबळ बोलतो. शाळा आणि नोकरी माणसाला पगार देतात. आपण कोणाचे तरी उष्टे नाही, आपला इतिहास अडीच हजार वर्षांचा आहे, ही जाणीव पगाराच्या पाकिटातून येत नाही. ती लाखोंना एकाच वेळी देऊ शकेल अशी दुसरी यंत्रणा १९५६ साली त्यांच्यापुढे होती का? मार्क्सवाद होता. त्यावर बाबासाहेबांनी त्याच वर्षी काठमांडूत सविस्तर विचार मांडला आणि मार्क्सच्या ध्येयाशी नव्हे, मार्गाशी फारकत घेतली. आणखी एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा मुख्यतः हिंदूंपुरता होता. १९५६ साली त्यात शिखांचा समावेश झाला. बौद्धांना केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत थांबावे लागले. म्हणजे जुन्या धर्माला नाही म्हणण्याची किंमत धर्मसत्तेने नव्हे, धर्मनिरपेक्ष राज्याने चौतीस वर्षे वसूल केली.

इथे दोन आक्षेप येतात. पहिला विवेकवादी मित्रांचा: धर्माने जे दिले ते सगळे धर्माशिवायही देता येईल, मग धोका का पत्करायचा? तत्त्वतः देता येईल, आणि द्यावेही. पण धोका धर्माबरोबरच संपतो ही समजूत इतिहासाला धरून नाही. अल्बानियाने १९६७ साली सर्व धर्मांवर बंदी घातली आणि जगातले पहिले नास्तिक राज्य म्हणून मिरवले. चर्च आणि मशिदी बंद झाल्या, पुष्कळ पाडल्या गेल्या. १९७१ साली एका मुलाला बाप्तिस्मा दिला म्हणून श्टेफेन कुर्ती या वृद्ध कॅथलिक धर्मगुरूला गोळ्या घातल्या. तिथेही प्रश्न नकाराच्या किमतीचाच होता, फक्त नकार देणारा आस्तिक होता. दुसरा आक्षेप उलट दिशेचा: मनात येईल तेव्हा उठून जाता आले तर कोणताही धर्म विरून जाईल, आणि सोसिसचे आकडेही तेच सुचवतात. हा आक्षेप वजनदार आहे. पण त्या वसाहती टिकल्या त्या सभासदांनी आपखुशीने केलेल्या त्यागावर. अमेरिकेच्या त्या मोकळ्या मुलखात उठून जाणाऱ्याला नवी जमीन आणि नवे काम मिळत होते. महाग बंधन आणि बंद दार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वारकऱ्याचे बंधन महाग आहे, दार उघडे आहे. मूल आपला धर्म निवडत नाही हे खरेच. ते आपली भाषाही निवडत नाही. प्रश्न असतो तो ते मोठे झाल्यावरचा.

या प्रश्नाचे सर्वांत धीट उत्तर देणारा माणूस म्हणजे जोतीराव फुले. धर्मग्रंथांवर त्यांच्याइतका कठोर हल्ला एकोणिसाव्या शतकात मराठीत कोणी केला नाही. तरीही त्यांच्या शेवटच्या, मृत्यूनंतर १८९१ साली निघालेल्या पुस्तकाचे नाव ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ आहे. त्यात त्यांनी एक कुटुंब कल्पिले आहे. बाईने बौद्ध धर्म स्वीकारावा, नवऱ्याने ख्रिस्ती व्हावे, मुलीने मुसलमान आणि मुलाने सत्यधर्मी, आणि सगळ्यांनी एका छपराखाली एकमेकांचा हेवा न करता राहावे. सर्वधर्मसमभावाच्या आपल्या कल्पना याच्यापुढे फार भित्र्या वाटतात. आपण धर्माधर्मांत सलोखा मागतो, जोतीरावांनी तो एका घरात मागितला. तिथे नकाराची किंमत खरोखर शून्य आहे, कारण नाही म्हटल्यावरही जेवायला त्याच घरी बसायचे आहे.

प्रत्यक्षातला समाज या घरापासून किती दूर आहे हे मुंबईतल्याच एका खटल्याने दाखवले. १९४९ साली मुंबई राज्याने धर्मबहिष्कृत करण्यास मनाई करणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मप्रमुखांनी त्याला आव्हान दिले. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने कायदा रद्द केला. बहिष्कृत करणे हा पंथाचा आपला कारभार चालवण्याचा हक्क आहे, असे बहुमताने मानले. विरोधी मत सरन्यायाधीश सिन्हा यांचे होते. बहिष्कृत माणूस आपल्या समाजात अस्पृश्यासारखा होतो, हे त्यांनी ओळखले होते. पुढे १९७९ साली नाथवानी आयोगाने सुधारक बोहऱ्यांचे जे अनुभव नोंदवले, ते मोडलेल्या संसारांचे आणि नाकारलेल्या दफनांचे होते. बोहऱ्यांकडे बोट दाखवण्याची इथे कोणालाही सोय नाही. महाराष्ट्रातल्या जातपंचायतींनी हेच केले आहे, म्हणूनच २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

माझे मत १९६२ च्या बहुमताच्या बाजूने नाही, पण त्यांची अडचण मला कळते. एखाद्या पंथाने कोणाला आपला मानावे हे सरकार ठरवू लागले, तर पंथाचाच नकाराचा हक्क संपतो. म्हणून रेघ माणसाच्या आणि पंथाच्या दोघांच्याही नकाराला जागा ठेवेल अशीच मारायला हवी. पंथाने आपल्या पूजेच्या जागी कोणाला घ्यायचे ते पंथाने ठरवावे. दुकान, सोयरीक, पाणी, शाळा यांवर त्याचा हुकूम चालू नये. एवढे म्हणणे सोपे आहे. कठीण भाग आहे दफनभूमीचा. ती पंथाची आहे, तिथले विधी धार्मिक आहेत, आणि तरीही मेलेल्या माणसाला दुसरीकडे जाता येत नाही. राज्याच्या २०१६ च्या कायद्याने स्मशान आणि दफनभूमी नाकारणे हा गुन्हा ठरवला आहे. १९६२ च्या निकालाने तोच अधिकार पंथाकडे ठेवला होता. त्या निकालाचा फेरविचार नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने करावा, असे २०२३ साली पाच न्यायमूर्तींनी ठरवले. त्या पीठापुढे बोहरा समाजातल्या सुधारकांचे कागद जातील, आणि माझ्या समजुतीप्रमाणे जातपंचायतीने वाळीत टाकलेल्या प्रत्येक हिंदू कुटुंबाचा प्रश्नही त्याच कागदांत असेल.